स्वयंपाकघरातला घोडा

आमच्या जर्मनच्या मॅडम जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, खोलीत पंधरा माणसं कोंबलेली असताना कूलर बंद करायच्या. नागपूरच्या माणसाला एवढं सांगितलं की तो लगेच विचारतो, "डोकं ठिकाणावर होतं नं त्यांचं?" होतं. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठिकाणावर होतं. मी त्यांची बाजू घेऊन सांगतेय असं वाटत असेल तर वाटू द्या, मी बाजू घेऊनच सांगणार आहे.

कूलर बंद करण्याचं कारण एक सिनेमा होता. जर्मन सिनेमा, सव्वादोन तासांचा, आणि त्यातली माणसं फारशी बोलतच नाहीत. पहिल्या बॅचला मॅडमनी तो कूलर चालू ठेवून दाखवला होता. मग त्यावर जर्मनमध्ये दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं की सिनेमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाऊस पडत असतो. पाऊस त्यात कुठेच नाही. मॅडमच्या लोखंडी कूलरचं पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून खाली पडत होतं, ते पोरांनी जर्मनीत पाडलं. त्या वर्षापासून कूलर बंद झाला. काका, म्हणजे मॅडमचे मिस्टर, खिडक्यांवर ओल्या चादरी टाकायचे आणि आम्ही वह्यांनी वारा घेत बसायचो. वहीचा आवाज झाला तर मॅडम वही काढून घ्यायच्या.

सिनेमा असा. एका गावाबाहेर एक घर आहे. त्यात आई, बाप आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. घरातला मुलगा गेलेला आहे. हे कुणी सांगत नाही, पण जेवताना टेबलापाशी एक खुर्ची जास्तीची असते आणि तिच्यावर कुणी बसत नाही, म्हणून कळतं. असं तासभर चालतं. मग एका दुपारी आई बटाटे सोलत असते आणि स्वयंपाकघरात एक घोडा येऊन उभा राहतो. तपकिरी घोडा, चांगला धिप्पाड. अकरा मिनिटं तो तिथे उभा असतो. आई त्याला वळसा घालून पाणी आणायला जाते, बाप अंग चोरून त्याच्या बाजूनं खुर्चीवर जाऊन बसतो, घोड्याच्या शेपटीनं फळीवरची काकडीच्या लोणच्याची बरणी पडते, मुलगी काचा वेचते, तिचं बोट कापतं. कुणी काही बोलत नाही. पुढच्या प्रसंगात घोडा नसतो. तो का आला, कुठे गेला, काही नाही. शेवटी बाप मुलाचा पलंग उचलून अंगणात आणतो, तिघं त्यावर बसतात आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले की पहिला हात वर जायचा. "मॅडम, घोडा काहून आला?"

"पुढचा प्रश्न," मॅडम म्हणायच्या. पुढचा प्रश्नही तोच असायचा.

मी तेव्हा नागपुरात एका खासगी दवाखान्यात नर्स होते आणि जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून भाषा शिकत होते. आमच्या बॅचमध्ये निम्म्या नर्सा होत्या, बाकी मिहानमधल्या कंपन्यांत काम करणारे दोघं-चौघं आणि सावनेरचा एक वेल्डर. कामठीहून मी ऑटो, मग मेट्रो, मग पुन्हा ऑटो असं करत मानेवाड्याला पोचायची तोवर जीव अर्धा झालेला असायचा. मॅडम दारातच उभ्या असायच्या, हातात लोटा आणि वाटीत गुळाचे खडे. क्लासला येणारा असो, कुरिअरवाला असो, मीटर वाचायला आलेला असो, आधी पाणी. त्याच्या आधी त्या नावसुद्धा विचारायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मी दारातूनच फॉर्मबद्दल विचारायला लागले तर म्हणाल्या, "उन्हातून आली नं? घसा ओला कर पहिले, मग भांड माझ्याशी." आणि आम्ही भांडलोच पुढे, दोन वर्षं.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. निळ्या शाईनं, शाळेतल्या बाईंच्या गोल अक्षरात लिहिलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर होतं: "बसायला या. रडायचं असेल तर रडा. असं का झालं ते सांगू नका." मला वाटलं, हा त्या सिनेमातलाच काही धडा असेल. नंतर काकांनी सांगितलं.

मॅडमना एकच मुलगा होता. घरी त्याला बाबू म्हणायचे. इंजिनिअरिंग करून तो पुढे शिकायला जर्मनीत गेला आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात, मित्रांसोबत तळ्यात पोहायला उतरला तो वर आला नाही. त्याला पोहता येत होतं. पाणी फार थंड होतं असं तिथल्या लोकांनी कळवलं. घरी माणसं बसायला यायला लागली. आपल्याकडे येतात तशी. बायका चटईवर, पुरुष बाहेर खुर्च्यांवर. आणि जो येईल तो कारण घेऊन यायचा. कुणी म्हणे नशीब, कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे चांगली माणसं देवाला लवकर आवडतात, कुणी पत्रिका मागितली. मॅडम तीन दिवस ऐकत होत्या. चौथ्या दिवशी त्यांची मोठी जाऊ उमरेडहून आली. बाबू तिला मोठी आई म्हणायचा, म्हणून आम्हीही तसंच म्हणतो. तिला मूलबाळ नाही. बाबूची प्रत्येक सुट्टी तिच्याकडे, तिच्या हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसण्यात गेलेली. तिनं आल्याआल्या छाती बडवली आणि म्हणाली, "तूच धाडलं वं त्याले. मी म्हणत होती, नको धाडू."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "उठा."

बसायला आलेल्या माणसाला कुणी उठवतं का? मोठी आई उठली, चपला घातल्या आणि तशीच बसस्टँडवर गेली. त्या दिवशी मॅडमनी तो कागद लिहून दाराबाहेर लावला. मोहल्ल्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. पोरगा गेल्याचं राहिलं बाजूला, बाई पागल झाली यावर लोकांचं एकमत झालं. त्यावरची शाई पुढे उन्हानं उडायला लागली तेव्हा काकांनी कागद काढून आतल्या बाजूला चिकटवला. फाडायची हिंमत त्यांचीही झाली नाही.

मॅडम शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. बाबू गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी जर्मनच्या क्लासमध्ये नाव घातलं, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांमध्ये. त्याचं कारण बाबूनं पाठवलेला एक मेसेज. जाण्याच्या आठ दिवस आधीचा. तो त्यांनी आम्हाला एकदाच वाचून दाखवला, पुन्हा कधी नाही: "आई, एक पिक्चर पाहिला. काहीच समजला नाही. पण संपल्यावर घरी फोन करावा वाटला. त्यात स्वयंपाकघरात घोडा येते. तू पाहा आणि मले सांग." त्याच्या सामानात हार्ड डिस्क आली, तिच्यात तो सिनेमा होता. मॅडमनी ठरवलं, इंग्रजी ओळी वाचून नाही पाहायचा, जर्मन येईल तेव्हाच पाहायचा. तीन वर्षं त्या शिकल्या. परीक्षा दिल्या. आणि मग एका दुपारी दार लावून सिनेमा लावला.

"एवढं जर्मन शिकली मी," त्या आम्हाला सांगायच्या, "विभक्त्या पाठ केल्या, क्रियापदं पाठ केली, आणि बोलतच नाहीत हो ते लोक! सगळ्या पिक्चरमध्ये चाळीस वाक्यं नसतील. त्यातली दहा तर 'मीठ दे' आणि 'दार लाव.'" हे सांगताना त्या खूप हसायच्या. आम्हीही हसायचो, आणि मग आपण कशावर हसतोय ते लक्षात येऊन एकेकजण थांबायचा. त्या मात्र मनसोक्त हसून घ्यायच्या.

जर्मन येतच होतं, म्हणून त्यांनी क्लास काढला. तेव्हा शेजारच्या एक बाई त्यांना म्हणाल्या, ज्या देशात तुमचा मुलगा गेला तिथेच तुम्ही लोकांची मुलं पाठवता, बरं दिसतं का? मॅडम नळावर हंडा भरत होत्या. "पोरगा पाण्यात गेला माझा," त्या म्हणाल्या, "पाणी प्यायचं सोडलं का मी?" त्या बाई पुढे कधी बोलल्या नाहीत. त्यांची पुतणी मात्र दोन वर्षांनी मॅडमच्याच क्लासला आली आणि आता म्युनिकजवळ कुठेतरी आहे.

शिकवण्याची त्यांची पद्धत अजब होती. शाळेतल्या प्रयोगवहीत असतात ना रकाने, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, ते त्यांनी जर्मनमध्ये आणले होते. चित्र दाखवायच्या आणि म्हणायच्या, निरीक्षण लिहा. बाई रडतेय असं लिहिलं तर काट मारायच्या. "डोळ्यात पाणी आहे एवढं दिसतं. कांदा कापत असेल. अनुमानाचा रकाना रिकामा ठेवा." वही परत मिळायची तेव्हा लाल शाईत दोनच शेरे असायचे, "निरीक्षण अपुरं" किंवा "अनुमान कुणी मागितलं?" वेल्डर म्हणायचा, माझ्या बायकोला ही वही दाखवली पाहिजे.

मला ते सहन व्हायचं नाही. मी परीक्षेतली पोरगी. प्रश्न आहे तर उत्तर हवंच. एकदा मी सरळ विचारलं. सगळ्यांसमोर, आणि मला आजही ते आठवलं की कान गरम होतात. मी म्हटलं, "मॅडम, खरं सांगा. तो घोडा म्हणजे तुमचा मुलगा आहे, असं तुम्हाले वाटते नं?"

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, ते आत गेले. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"माझा पोरगा पाच फूट सात इंच होता," त्या म्हणाल्या. "दोन पायांचा. तुले एवढा फरक कळत नसन तर जर्मनीतले लोक तुझ्या हाती इंजेक्शन देतीन का वं?"

आणि मला शिक्षा दिली. घोड्यावर दोनशे शब्द, जर्मनमध्ये. फक्त निरीक्षण. अर्थ लिहिला तर भोपळा. मी रागानं लिहिलं. आयाळीला काय म्हणतात, खुराला काय म्हणतात, नाकपुड्या, पोट, सगळं शब्दकोशात शोधलं. सिनेमाचा तो तुकडा मॅडमच्या लॅपटॉपवर सात-आठ वेळा पाहिला. मानेवर घामाचे पट्टे आहेत, लिहिलं. पोट आत-बाहेर होतंय, लिहिलं. ओठ कोरडे आहेत, कोपऱ्यात पांढरा फेस सुकलाय, लिहिलं. मॅडमनी वाचलं आणि पहिल्यांदाच काही लाल केलं नाही. नुसतं "ठीक" लिहिलं. मला सुवर्णपदक मिळाल्यासारखं झालं. घोडा का आला हे मात्र मला अजूनही कळलं नव्हतं आणि ते मला टोचत होतं.

मग तो हॉलमधला प्रकार झाला. गावात सिनेमाची आवड असलेल्या लोकांचं एक मंडळ होतं. त्यांना कुठून तरी कळलं की मानेवाड्यातल्या एका बाईंकडे असा दुर्मीळ जर्मन सिनेमा आहे. त्यांनी विनंती केली, मॅडमनी होकार दिला, अट एकच, एसी बंद. हो-नाही करत त्यांनी तीही मान्य केली. सिनेमा झाला आणि मग बाहेरून बोलावलेले एक जाणकार गृहस्थ चर्चेला उभे राहिले. चांगलं बोलत होते, खोटं कशाला सांगू. मी तर वहीच उघडली. ते म्हणाले, घोडा हे त्या कुटुंबाच्या न बोललेल्या दुःखाचं प्रतीक आहे. मी "प्रतीक" लिहून त्याखाली रेघ ओढत होते तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली.

"सर," मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या घरी स्वयंपाकघरात घोडा आला तर तुम्ही पहिले काय करान?"

लोक हसले. ते गृहस्थही हसले. म्हणाले, "मॅडम, तो खरा घोडा नाहीच आहे. ते प्रतीक आहे."

"प्रतीकाले शेपूट असते का? त्याच्या शेपटीनं बरणी पडली. पोरीनं काचा उचलल्या, तिचं बोट कापलं. तुम्ही एवढा वेळ बोलले, त्या पोरीच्या बोटाबद्दल एक शब्द नाही बोलले."

ते म्हणाले, पण मॅडम, दिग्दर्शकाला काहीतरी म्हणायचं असणारच ना.

"त्याले म्हणायचं असतं तर तो म्हणाला असता. त्याच्याजवळ सव्वादोन तास होते." असं म्हणून त्या पुढे गेल्या, लॅपटॉपचा पेनड्राइव्ह काढला, पर्समध्ये टाकला आणि निघाल्या. दारात वळून त्यांनी पुन्हा विचारलं, "सांगा नं, पहिले काय करान?" मी वही मिटून त्यांच्यामागे निघाले. परतताना ऑटोत त्यांनी पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "कारण सापडलं की लोक उठून घरी जातात. म्हणून सगळ्यांना कारण पाहिजे असते."

इथे जर्मनीत आल्यावर मी तो सिनेमा कुणी पाहिलाय का ते विचारून पाहिलं. कुणी नाही. वॉर्डातल्या एका वयस्कर नर्सबाईला मी गोष्ट सांगितली. घोड्यापाशी आल्यावर तिनं विचारलं, "का?" मी तिला म्हटलं, पुढचा प्रश्न. तिला वाटलं माझं जर्मन अजून कच्चं आहे.

मी निघायच्या आधीचा तो जून. बाबूला जाऊन दहा वर्षं होत होती. घरात वर्षश्राद्ध वगैरे काही नसायचं. त्या तारखेला मॅडम सिनेमा दाखवायच्या, ज्याला यायचं त्यानं यावं. माझा व्हिसा आला होता, पंधरा दिवसांनी विमान होतं. मी लवकर गेले आणि काकांना चादरी भिजवायला मदत करू लागले. काका पोस्टातून रिटायर झालेले, फार कमी बोलणारे. सिनेमा सुरू असताना ते नेहमी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि घोडा आला की "चहा ठेवतो" म्हणून आत जायचे. इतक्या वर्षांत तो प्रसंग त्यांनी पुरा पाहिला नव्हता.

चादर पिळता पिळता ते म्हणाले, "वहिनीले बोलावलं मी आज."

माझ्या हातातली चादर बादलीत पडली. मोठी आई दहा वर्षांत या घरात आली नव्हती. लग्न, बारसं, कुठेही या दोघी समोरासमोर आल्या की एक जण मांडवातून निघून जायची.

"मॅडमना सांगितलं?"

"नाही." ते खिडकीवर चादर सारखी करत राहिले. "तिनं बोलायला नव्हतं पाहिजे. हिनं उठवायला नव्हतं पाहिजे. पोरगा दोघींच्या हातचं जेवला आहे. एकदा दोघी एका खोलीत बसल्या तर झालं माझं. मी काही जास्त नाही मागून राहिलो." आणि मग अगदी हळू, "आज नाही बसल्या तर मग नाहीच बसणार. तिचे गुडघे आता बस चढू देत नाहीत." मला त्यांची भीती वाटली. मॅडमची नाही, त्यांची. कारण आज त्यांचं काही चुकलं असतं तर पुन्हा मागायला त्यांच्याजवळ काही उरणार नव्हतं.

अडीचला माणसं जमली. मॅडम दारात लोटा घेऊन होत्याच. आम्ही पाणी प्यायलो, गूळ खाल्ला, बसलो. काकांनी कूलर बंद केला. मॅडम प्रोजेक्टरपाशी गेल्या आणि तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. बारीक अंगाची, घामानं पोलकं भिजलेलं, हातात कापडी पिशवी, उन्हानं चेहरा काळवंडलेला. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. लोटा टेबलावर होता, हाताच्या अंतरावर. त्यांनी तो उचलला नाही. कुरिअरवाल्याला पाणी देणारी ती बाई जागची हलली नाही. कुणाकडेच न पाहता त्या म्हणाल्या, "पिक्चर सुरू झाला की कोणी बोलायचं नाही." आणि बटण दाबलं. या नाही, जा नाही.

मोठी आई दाराशी, चपलांच्या जवळ, चटईच्या टोकाला बसली. पिशवी मांडीवर घेतली. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, त्यांचा हात चौकटीवर होता. तासभर आम्ही सिनेमा पाहिला असं म्हणायचं. खरं तर सगळे जण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दाराकडे पाहत होते. मोठी आई जेवणाच्या टेबलाकडे, त्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून होती. पदरानं मधूनमधून मान पुसत होती. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, नेहमीसारख्या, हाताची घडी घालून.

घोडा आला. या वेळी काका चहा ठेवायला गेले नाहीत. बाईनं घोड्याला वळसा घातला. बाप अंग चोरून बसला. खोलीत वहीचाही आवाज नव्हता. आणि चपलांकडून, चांगल्या खणखणीत आवाजात, कुणीतरी म्हणालं:

"त्याले पानी तं द्या नं गा कोनी! केवढ्या उन्हातून आलं असन ते जनावर. अन् बाई नुसती आलू सोलून राहिली."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मॅडमनी सिनेमा थांबवला. त्यांनी तो कधीच मध्ये थांबवला नव्हता. एकदा एका पोरीला चक्कर आली तेव्हाही नाही. घोडा भिंतीवर तसाच राहिला, सुकलेले ओठ आणि कोपऱ्यातला पांढरा फेस. मी नर्स. कोणाला किती पाणी पाजलं हे मी दिवसभर कागदावर लिहीत असते. त्या ओठांवर मी जर्मनमध्ये शब्दकोश उघडून लिहिलं होतं, आणि मला पाणी सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

मॅडमनी टेबलावरचा लोटा उचलला. त्यातलं पाणी कोमट झालं असेल असं त्यांना वाटलं असावं, कारण ते त्यांनी बाहेर कुंडीत ओतलं, आत गेल्या, माठातलं भरून आणलं. वाटीतून गुळाचा खडा घेतला. आमच्या पायांमधून वाट काढत दारापर्यंत गेल्या आणि मोठ्या आईसमोर उभ्या राहिल्या.

"घ्या बाई."

मोठ्या आईनं वर पाहिलं. लोटा घेतला, ओठांना न लावता वरून धार धरली आणि एका दमात रिकामा केला. थोडं पाणी मानेवर सांडलं, ते पुसलं नाही. मग तिनं विचारलं, "बाबूले समजला होता का वं हा पिक्चर?"

"नाही."

"अन् तुले?"

दोन वर्षं मी या उत्तराची वाट पाहत होते. सगळी बॅच पाहत होती. मॅडम भिंतीवरच्या घोड्याकडे पाहत राहिल्या.

"मले बी नाही, बाई. जर्मन शिकली, तरी नाही."

मोठ्या आईनं मांडीवरची पिशवी उचलून पलीकडे ठेवली. "मंग बस इथं," ती म्हणाली. "अन् लाव म्हना त्याले पुढं."

सिनेमाच्या वेळी आयुष्यात कधी न बसलेल्या आमच्या मॅडम चपलांच्या शेजारी, चटईच्या टोकाला, तिच्या अंगाला अंग लागेल एवढ्या जवळ बसल्या. काकांना बटण सापडत नव्हतं, वेल्डरनं दाखवलं. घोडा हलला, शेपटी फिरली, बरणी पडली, मुलीनं बोट तोंडात घातलं.

"अजून बी नाही देऊन राहिली पानी," मोठी आई म्हणाली.

सिनेमात बोलायचं नाही. पण मॅडम तिच्याकडे झुकून म्हणाल्या, "नाही देत नं. इतके वर्षं झाले पाहून राहिली मी बाई, देतच नाही."